इंदूच्या दाव्याचा जामीन

"चावी आणलंस मां घराची?"

मी कोर्टाच्या पायरीवर बसले होते. बाबल मुकादम एक पायरी खाली येऊन टेकला. त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते. एक त्यानं माझ्यापुढं ठेवला.

"कसली चावी?"

"घराची गो, मथुरा. बेलीफाक आताच देवन टाक. गरीब माणूस तो, परत तुझ्या दारापर्यंत येवचो त्रास कित्याक त्येका?" बाबल हसला. "सासू खंय ऱ्हवतली तुझी? म्हातारी पांगळी. माझ्या वाड्यात एक जागा आसा, पण थंय म्हशी बांधतंव."

मी चहाला हात लावला नाही.

"अजून येळ गेलेली नाय," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "नाव पुकारतीत तेवा गप ऱ्हव. आजची तारीख टळली की इंदूचो दावो खलास. तू घराक जा, उद्या कामार ये. आणि आत तोंड उघडण्याआधी इचार कर. तू माझ्याबरोबर किती खोलात आसस, ता तुका म्हायत आसा."

तो उठला आणि आपल्या वकिलाकडे गेला. घराबद्दल तो बोलला ते मी आठवडाभर ऐकत होते. पण शेवटचं वाक्य त्यानं आजच पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं.

याला आता चाळीस वर्षं झाली. तेव्हा मी काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायचे. बाबल धुरी तिथला मुकादम. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारावरून परत पाठवायचं, सगळं त्याच्या हातात. माझ्या शेजारच्या पाटावर त्याचीच भावजय बसायची, इंदू. बाबलचा थोरला भाऊ तापानं गेला आणि त्याचा हिस्सा, म्हणजे काजूची बाग आणि दोन खोल्या, इंदूकडे आला. वर्षभरानं इंदू मस्कतला एका घरात मुलं सांभाळायला गेली. बाग बघायला बाबल होताच. दुसऱ्या हंगामाला तिच्या बापानं बागेच्या बिया मागितल्या तेव्हा बाबल म्हणाला, कसल्या बिया? इंदूनं आपला हिस्सा मला सोडलाय, माझ्याकडे कागद आहे.

मग इंदूनं बापाला कुलमुखत्यार केलं आणि दावा लावला. बाप म्हणजे भिवाआबा. साठी ओलांडलेला, काटकीसारखा, माडावर चढून उतरून छाती खरवडलेला माणूस. बाबलच्या वकिलानं लगेच अर्ज टाकला की बाई परदेशात राहते, तिनं आधी खर्चाचं तारण द्यावं.

हे तारण प्रकरण इंदूचे वकील केळुसकर यांनी आबाला समजावून सांगितलं होतं.

"हे बघा आबा. दावा हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचा कोर्टखर्च भरावा लागतो. उद्या इंदू हरली तर बाबल तो खर्च कुणाकडून वसूल करणार? इंदू मस्कतला. इथं तिच्या नावावर दुसरं काही नाही. जे आहे त्याच्यावरच तर भांडण आहे. म्हणून कोर्ट म्हणतं, आठ हजारांचं तारण आधी ठेवा, नाहीतर ज्याच्या नावावर घरदार आहे असा जामीनदार आणा. महिन्याची मुदत. नाही आणला तर दावा काढून टाकणार. खरं कुणाचं, खोटं कुणाचं, ते बघणारसुद्धा नाहीत."

"माझ्या नावार एक कोयतो आसा," भिवाआबा म्हणाला. "तो चालात?"

केळुसकर हसले नाहीत.

आबा गावभर फिरला. ज्यांच्या घरी पोरं फॅक्टरीत होती ते बाबलला भ्यायचे. ज्यांची नव्हती ते म्हणायचे, दुसऱ्याच्या कज्ज्यात आपलं घर कोण घालणार? मुदतीचे दहा दिवस उरले तेव्हा तो माझ्या अंगणात येऊन बसला. माझा नवरा मचव्यावर खलाशी होता. तो बुडाल्यावर मी बारा वर्षं बिया फोडून चिरेबंदी तीन खोल्या उभ्या केल्या होत्या. घर माझ्या एकटीच्या नावावर होतं. आबा पाणी प्याला आणि म्हणाला, "मथुरा, तुका इचारूक येवचा नव्हता, पण..."

"मी ऱ्हवतंय जामीन," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं. मग त्यानं हात जोडले आणि माझ्या पायांकडे वाकायला लागला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी मागं सरले आणि भिंतीला जाऊन धडकले. त्या हात जोडण्याची मला बाबलपेक्षाही जास्त भीती वाटली.

तर कोर्टाच्या त्या दिवशी मी सासूला डॉक्टरकडे जाते असं सांगून निघाले होते. पिशवीत घरपट्टीची पावती, उतारा आणि तहसीलदाराकडून आणलेला ऐपतीचा दाखला. कोर्टात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. भिवाआबा माझ्यासाठी दोन केळी घेऊन आला.

"खा गो. उपाशी पोटी उभी ऱ्हवशीत तर चक्कर येतली."

"नको आबा."

"तुझा उपकार मी या जल्मात तरी..."

"आबा, नको म्हणतंय ना!" मी ओरडलेच. दोन वकील वळून बघायला लागले. आबाला वाटलं मी घाबरलेय म्हणून ओरडले. तेही खरंच होतं.

साडेबाराला पुकारा झाला.

न्यायाधीश तरुण होते, वऱ्हाडाकडून नुकते बदलून आलेले. डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांच्या खालच्या टेबलाशी शिरस्तेदार बसलेला, म्हातारा, आमच्याच भागातला. केळुसकरांनी माझे कागद पुढे केले. मला पिंजऱ्यात उभं केलं, शपथ घ्यायला लावली. मी खरं सांगेन, हे शब्द मला दोनदा म्हणावे लागले.

"नाव?"

"मथुरा लक्ष्मण राऊळ."

"वादी इंदुमती धुरी तुमची कोण?"

"कोण नाय. कामावर शेजारी बसायची."

"नात्याची नाही, आणि तिच्यासाठी घर तारण ठेवता? दावा ती हरली आणि खर्च भरला नाही, तर आठ हजारांपर्यंतची वसुली तुमच्या घरावर येईल. जप्ती येऊ शकते. समजतंय का?"

"होय साहेब."

"कुणी दडपण आणलंय?"

मी बाबलकडे बघितलं. तो बाकाच्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. "नाय साहेब," मी म्हटलं.

"सही येते?"

"नाय. अंगठो."

"ठीक आहे. जामीनकतब्यावर अंगठा घ्या."

शिरस्तेदारानं जामिनाच्या लेखाचा तो कतबा पुढे घेतला आणि शाईची डबी उघडली. माझा अंगठा धरून त्यानं शाईवर दाबला आणि कागदावर टेकवला. उचलला तर कागदावर नुसता काळा डाग. त्यानं माझा अंगठा फडक्यानं पुसला आणि शाई जरा कमी घेऊन दुसऱ्या कागदावर पुन्हा दाबला. पुन्हा डागच. शाई फोडलेल्या जांभळासारखी पसरलेली.

"हे काय?" न्यायाधीश म्हणाले. "रेघा कुठं आहेत? नीट घ्या."

"साहेब, ह्यो काजूचो हात," शिरस्तेदार म्हणाला. मागं दोघंतिघं हसले. "बियांच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. राख लावतात, खोबरेल लावतात, पण दहा-बारा वर्षं फोडणाऱ्या बाईच्या बोटांवर रेघ राहत नाही. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे."

"इकडं या. हात दाखवा."

मी पिंजऱ्यातून उतरून त्यांच्या टेबलापुढे हात धरले. काळपट, गुळगुळीत, जागोजाग सालपटं निघालेले. त्यांनी चष्मा वर केला आणि जवळून बघितले. माझे हात इतक्या जवळून कुणी कधी बघितले नव्हते. मला ते पदराखाली घ्यावेसे वाटले.

तेवढ्यात बाबलचा वकील उभा राहिला. मालवणहून आणलेला, मोठा वकील. "साहेब, माझी हरकत आहे. असल्या अंगठ्याला अर्थ नाही. उद्या हीच बाई म्हणेल, हा डाग माझा नव्हे. म्हणजे कतबा झालाच नाही, आणि मुदत आज संपते. शिवाय ही जामीनदार स्वतंत्र नाही. आमच्या प्रतिवादीनं जो हक्क सोडल्याचा कागद दाखल केलाय, त्याच्यावर हीच मथुरा राऊळ साक्षीदार आहे. आमच्या कागदाची साक्षीदार त्यांची जामीनदार कशी होते? तिला फोडलीय, साहेब."

मी बाबलकडे बघितलं नाही. मला फक्त मागून बाक करकरल्याचा आवाज आला. तो उठून पुढं आला आणि वकिलाच्या कोटाची बाही ओढायला लागला. "साहेब, ता नको... ता ऱ्हवांदे..." वकिलानं हात झटकला आणि कागद न्यायाधीशांपुढे ठेवला.

भिवाआबा पहिल्या बाकावर बसला होता. त्यानं माझं नाव ऐकलं होतं. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं.

"हा अंगठा तुमचा?" न्यायाधीशांनी कागद माझ्याकडे फिरवला.

मला वाचता येत नव्हतं. पण अंगठा ओळखायला वाचावं लागत नाही. निळ्या शाईतला, गोल गोल रेघांचा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा एकात एक वळणांचा अंगठा. स्वच्छ. एकसुद्धा रेघ तुटलेली नव्हती. ज्याच्या बोटानं जन्मात टरफल फोडलं नाही, असल्या माणसाचा.

"नाय," मी म्हटलं. "ह्यो माझो नाय."

न्यायाधीशांनी तो कागद आणि माझ्या दोन डागांचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

आता बघा, मी तिथंच थांबू शकले असते. अंगठा माझा नाही, मला काही ठाऊक नाही, एवढं म्हणायचं होतं. कागद तिथंच पडला असता, बाबल पडला असता, आणि भिवाआबानं बाहेर येऊन पुन्हा माझ्यापुढे हात जोडले असते. हे मला त्या क्षणी सुचलंसुद्धा. पण न्यायाधीशांनी विचारलं, "हा कागद तुम्ही आधी पाहिला होता?" आणि त्यांचा आवाज असा होता की त्यांना सगळं आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं. खोटं बोलायलाही धीर लागतो. तो माझ्यात नव्हता.

"होय साहेब. मी गेलेलंय."

"कुठं?"

"फॅक्टरीच्या हपिसात. शिमगो झाल्यार. इंदू मस्कतला जाऊन तीन महिने झाले होते. बाबल मुकादमानं बोलावलं. म्हणाला, इंदूनं हिस्सा सोडलाय, साक्षीला अंगठा दे. मी म्हटलं, इंदू इथं कुठं आहे? तो म्हणाला, तुला काम पाहिजे की इंदू?"

"साहेब, ही बाई..." मोठा वकील म्हणाला.

"बसा तुम्ही," न्यायाधीश म्हणाले. "पुढं?"

"मी अंगठा दिला. दोनदा. असाच डाग उठला. कारकून चिडला. म्हणाला, कागद खराब झाला, दुसरा लिहायला लागणार. बाबल म्हणाला, तू जा. मी गेले. त्या दुसऱ्या कागदावर काय केलं ते मला माहीत नाय. मला वाटत होतं माझाच डाग आहे त्याच्यावर. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं, साहेब."

"म्हणजे कागद खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तरी साक्षीला गेलात."

"होय."

"हे गुन्ह्यात बसतं, माहीत आहे?"

मी टेबल धरलं. गावच्या रस्त्यावर पोलिसांची जीप आली की मी घरात जाऊन कडी लावायचे, ती दोन वर्षं एकदम डोळ्यांपुढं आली. पांगळ्या सासूला कोण उचलून बसवणार, हेही आलं. "होय साहेब," मी म्हटलं, आणि पुढचं शब्दाऐवजी रडूच आलं.

न्यायाधीश बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "कागद खरा की खोटा, हे आज ठरायचं नाही. पुराव्याच्या वेळी बघू. हा कागद मोहोरबंद करून ठेवा. बाईंचं म्हणणं नोंदवून घेतलंय." मग माझ्याकडे बघून: "एवढं झाल्यावरही जामीन राहायचंय? आत्ता नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करणार नाही."

मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. घर डोळ्यांपुढं उभं होतं, एकेक चिरा. "ऱ्हवायचंय," मी म्हटलं.

"अंगठ्याचं काय करायचं?" त्यांनी शिरस्तेदाराला विचारलं.

"साहेब, जुन्या दस्तांत निशाणी करत. कुणब्यानं नांगर काढायचा, सुतारानं वाकस, बायकांनी बांगडी. वकीलसाहेब ओळख पटवतील, शेजारी आपली सही होईल."

"काढू द्या बांगडी."

शिरस्तेदारानं माझ्या हातात टाक दिला. मी जन्मात टाक धरला नव्हता. मुठीत धरला, कोयता धरावा तसा. मनगट रिकामं होतं, नवरा गेल्यापासून रिकामंच. मी कागदावर एक गोल काढला. तो सुरुवातीला येऊन मिळेना, म्हणून आणखी थोडा ओढला. अंड्यासारखा झाला. शिरस्तेदारानं त्याच्या बाजूला काहीतरी लिहिलं. आता मला वाचता येतं, त्या कतब्याची नक्कल माझ्याकडे आहे. त्यानं लिहिलं होतं, मथुरा लक्ष्मण राऊळ हिची निशाणी बांगडी, दस्तुरखुद्द, म्हणजे तिच्या स्वतःच्या हातची.

"तारण मंजूर. दावा पुढं चालू," न्यायाधीश म्हणाले आणि पुढचा पुकारा झाला. आमच्या आयुष्याला लागलेला तेवढाच वेळ.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या दारावरून बाबलनं मला परत पाठवलं. दोन हंगाम मी लोकांच्या शेतात राबले. माझ्यावर खटला झाला नाही. पण होईल या भीतीनं मी टपालवाल्याची सायकल ओळखायला शिकले. दावा पाच वर्षं चालला. कारकुनानं शेवटी तोंड उघडलं, अंगठा त्याचाच निघाला. इंदूला बाग मिळाली आणि माझं घर मोकळं झालं. ती रजेवर आली तेव्हा माझ्या पडवीत बसून चहा प्याली, मस्कतहून आणलेला साबण दिला. कागदाबद्दल बोलली नाही. मीही नाही.

पण त्या दिवशी कोर्टातून बाहेर आल्यावर हे काही ठाऊक नव्हतं. केळुसकर म्हणाले, "मथुराबाई, मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही," आणि फाइल बगलेत मारून निघून गेले. बाबल आपल्या वकिलाशी भांडत होता, "मी तुमका वडून सांगतंय आणि तुमी..." मी पदर डोक्यावरून ओढून एसटी स्टँडकडे चालायला लागले. भिवाआबा माझ्या वीसेक पावलं पुढं चालत होता. नेहमी हळू चालणारा माणूस. मी त्याला गाठलं नाही.

स्टँडवर तो बाकावर बसला. मी खांबाला टेकून उभी राहिले. गाडीला अर्धा तास होता. माझ्याकडे न बघता तो बोलला.

"शिमग्यात गेललंस?"

"होय आबा."

"इंदून थंयसून धाडलेली पत्रा मी तुझ्याच पडवीत बसान मास्तराकडसून वाचून घेतलंय. तेवा तू थंयच होतंस."

"होय."

"तेवाच कित्याक सांगलंस नाय?"

"भियालंय."

त्यानं मान हलवली. हमालानं एका गाडीवर कोंबड्यांची टोपली चढवली, ती गाडी गेली. मग आबानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"आणि आज?"

"आज पण भियालंय, आबा."

आमची गाडी आली. तो पुढून चढला, मी मागून. गाडी भरलेली होती. मधल्या एका बाकावर तो खिडकीशी बसला होता आणि शेजारच्या जागेवर त्यानं आपली पिशवी ठेवली होती, तिच्यातून सकाळची दोन केळी दिसत होती. एका माणसानं विचारलं, "आबा, जागा आसा?" आबा म्हणाला, "नाय." तो माणूस पुढं सरकला.

आबानं मागं वळून बघितलं नाही. ती जागा माझ्यासाठी होती, की माझ्या शेजारी बसायला लागू नये म्हणून अडवलेली, ते मला कळेना. दोन पावलं पुढं जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं. घर तारण ठेवायला मी त्या दिवशी हो म्हटलं होतं, पण तेवढं विचारायची छाती माझ्यात नव्हती. वरचा दांडा धरून मी गावापर्यंत उभीच आले.